सोनामक्खीचा दाणा

आमच्या शेजारच्या देवदत्तजींना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा ऐब. तुम्ही म्हणाल, हा कसला ऐब. मी म्हणते, राहून बघा अशा माणसाच्या शेजारी. एकदा मी नवी साडी नेसून विचारलं, कशी दिसते, तर म्हणाले, "मंगलाताई, रंग जरा उडालेला वाटतो." साडी नुकतीच दुकानातून आणलेली. आमचे जयसिंगराव झोपाळ्यावर बसून गालात हसत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांची स्वतःची असं बोलायची छाती झाली नाही, म्हणून त्यांना मजा वाटली असणार.

तर या एका ऐबापायी त्या बिचाऱ्याचं काय झालं ते सांगते. आमचे जयसिंगराव म्हणतात, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी कशाला सांगायच्या. मी म्हणते, त्या घरात सांगणारं दुसरं आहे कोण?

इंदूरबाहेर राऊला ही कॉलनी नवीन नवीन झाली तेव्हाच आमची दोन्ही घरं भरली. आम्ही होळकरांच्या फौजेतल्या घराण्यातले. सासऱ्यांचे आजोबा घोडदळात होते, आता आमचा मुलगा यशवर्धन गाड्यांच्या शोरूममध्ये आहे. देवदत्तजी टोकेकरांचे. वडील मिलमध्ये क्लार्क. हे स्वतः इथंच कॉलेजात जिऑलॉजी शिकले आणि कर्नाटकात एका सोन्याच्या खाणीत लागले. सगळी नोकरी तिकडेच काढली आणि रिटायर झाल्यावर यमुनाबाईंना घेऊन इंदूरला परत आले. मूलबाळ नाही.

सोन्याच्या खाणीतला माणूस म्हटल्यावर कॉलनीतल्या बायका आधी यमुनाबाईंच्या गळ्याकडे बघायच्या. तिथं साधं मंगळसूत्र आणि हातात दोन बांगड्या, बस. देवदत्तजींच्या बोटात तर अंगठीसुद्धा नाही. मी एकदा छेडलं, "काय हो, खाण तुमची आणि बोट नंगं?" तर म्हणाले, खाणीत उतरताना अंगावर सोनं चालायचं नाही. बाहेर येताना झडती व्हायची, मग हे कोणाचं आणि ते कोणाचं याची झंझट नको. म्हणून लग्नातली अंगठी पहिल्याच महिन्यात उतरवली ती उतरवलीच. सोन्याच्या खाणीत जन्म गेला आणि अंगावर सोनं ठेवायची सवयच राहिली नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

यमुनाबाईंचं खरं कौतुक एका दगडाचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत दोघं खाणीच्या कॉलनीमागच्या माळावर फिरायला गेले होते. तिथं बाईंना मुठीएवढी गारगोटी सापडली. दुधासारखी पांढरी, आणि तिच्यात ज्वारीएवढे पिवळे दाणे रुतलेले, असे चौकोनी की कोणी पाडून बसवलेत वाटावं. बाई धावत आल्या, "अहो, सोनं." आता नवी नवरी एवढ्या हौसेनं दाखवतेय तर माणूस काय म्हणेल? हे म्हणाले, "हे पायराइट आहे. लोखंड आणि गंधक. इंदूरला सोनामक्खी म्हणतात ते."

बाई रुसल्या. मग यांनी पुढचं सांगितलं, तेही खोटं नव्हतंच. हे सोनं नाही, पण सोनं बहुतेक याच्याच संगतीत सापडतं. गारगोटीची शीर आणि तिच्यात सोनामक्खी, असं दिसलं की आमचं अख्खं खातं तिथं कुदळ घेऊन धावतं. एखाद्या दाण्याच्या पोटात सोनं असतं सुद्धा, पण इतकं बारीक की डोळ्यालाच काय, भिंगालाही दिसत नाही.

"म्हणजे यात असू शकतं?" बाईंनी विचारलं.

"असू शकतं. नसूही शकतं."

"मग माझ्यापुरतं आहे," असं म्हणून बाईंनी तो दगड पदरात टाकला आणि घरी येऊन देव्हाऱ्यात ठेवला. तेव्हापासून तो देव्हाऱ्यातच. खंडेनवमीला देवदत्तजींचा हातोडा आणि भिंग पाटावर मांडायच्या, त्यांच्याशेजारी दगड. दसऱ्याला आपट्याची पानं आधी देवाला, मग दगडाला, मग नवऱ्याला. मी हसायचे. बाई म्हणायच्या, "मंगलाताई, तुमचं सोनं लॉकरमध्ये, माझं देवाजवळ."

मग एकवीस सालचा एप्रिल आला. त्या महिन्याबद्दल इंदूरमध्ये कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. यमुनाबाईंना ताप आला, मग दम लागायला लागला. बेड मिळाला हेच नशीब म्हणायचं. भरती करताना तिथल्या बाईनं सगळे दागिने उतरवायला लावले. त्यांच्या मोठ्या बहिणीचा, सरलाताईंचा, जीव राहवेना म्हणून त्या दवाखान्याच्या गेटपर्यंत आल्या होत्या. सरलाताई राहायच्या भंवरकुआंला, खाली त्या आणि मुलगा हृषीकेश, वर कोचिंगच्या पोरांना दिलेल्या खोल्या. या दोघींची आई लवकर गेली, त्यामुळे यमुनाबाईंना वेणीफणी करून शाळेत पाठवणाऱ्या सरलाताईच. मंगळसूत्र आणि बांगड्या रुमालात बांधून देवदत्तजींनी त्यांच्या हातात दिल्या. राऊचं घर बंद राहणार, तिथं कशाला ठेवायच्या, असा साधा विचार. दगड मात्र बाई आत घेऊन गेल्या. उशाशी ठेवते म्हणाल्या.

बाई वाचल्या नाहीत. दवाखान्यानं देवदत्तजींच्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात चष्मा, कंगवा आणि दगड.

तिथून पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, आमच्या स्वैपाकघरात, कणकेच्या परातीकडे बघत. स्मशानात ते एकटेच. मी आणि जयसिंगराव दोघंही घरात तापानं पडलेलो, सरलाताईंच्याकडे पण तेच. बाईंना पांढऱ्या पिशवीत बांधून आणलेलं. तिथल्या माणसानं चेन थोडी खाली केली आणि म्हणाला, "अंकल, मुँह देखना हो तो देख लो, दो मिनट." सरलाताईंनी फोनवर रडत रडत एकच सांगितलं होतं, "देवदत्तराव, बाकी काही झालं नाही तरी चालेल, पण तोंडात सोनं घाला. आईला मी माझ्या हातानं घातलं होतं." आपल्यात घालतातच. तुळशीचं पान, गंगेचं पाणी आणि सोन्याचा कण. तो तोंडात नसला तर जाणारं माणूस रिकामं गेलं असं म्हणतात.

आणि सोनं कुठं होतं? रुमालात बांधून भंवरकुआंला, सरलाताईंच्या कपाटात. सांगणारीला आठवलं नाही आणि ऐकणाऱ्यालाही आठवलं नाही. यांनी खिसे चाचपले. बोटात अंगठी नाही, गळ्यात साखळी नाही. मागं लाइन लागलेली, तो माणूस म्हणतोय, "अंकल, जल्दी." हातात ती पिशवी. मग यांनी दगड काढला आणि कडेचा एक दाणा नखानं हलवला. तो आधीच थोडा सुटलेला होता. तो निघाला आणि यांनी बाईंच्या तोंडात घातला.

मला विचाराल तर त्या घडीला त्या माणसानं जे केलं त्याच्यापेक्षा जास्त कोणी काही करू शकलं नसतं. पण मला कोण विचारतंय.

तेराव्याला सरलाताई आणि हृषीकेश आले. तोंडाला मास्क, लांब लांब बसलेले. मी डबा घेऊन गेले होते, तिथंच उभी होते. सरलाताईंनी विचारलं, "सोनं घातलंत ना तोंडात?"

अहो, हो म्हणायचं. एक शब्द. कोण बघायला जाणार होतं? राखेतून कोण चाळून काढणार होतं? मी मागून डोळ्यांनी खुणा करतेय, हो म्हणा, हो म्हणा. हा माणूस म्हणतो, "सोनं नव्हतं. पायराइट होता."

"म्हणजे काय?"

"सोनामक्खी. तिच्या दगडातली. तिच्यात सोनं असू शकतं, ताई."

सरलाताईंनी मास्क नीट केला. मग उठल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या बहिणीला दगड घालून पाठवलंत तुम्ही." आणि गेल्या. डबा तसाच राहिला.

हृषीकेश मुलगा भला. त्याला वाटलं, बात साफ होऊन जाईल, म्हणून तो लॉकडाउन उठल्यावर आला आणि दगड घेऊन सराफ्यात गेला. तिथं सोन्याचं टंच काढायची मशीन असते. दागिना ठेवला की सोनं किती, तांबं किती, सगळं काचेवर दिसतं. त्या माणसानं दगड ठेवला. लोखंड दाखवलं, गंधक दाखवलं, सोनं शून्य. देवदत्तजी म्हणाले, ती मशीन वरवरचं वाचते, आणि ती दागिन्यांसाठी असते. खाणीच्या दगडात सोनं म्हणजे टनभर दगडात एखाद्या अंगठीपुरतं. ते तिला कसं दिसणार? अगदी बरोबर असेल. पण शून्य म्हणजे शून्य. सरलाताईंनी शून्य ऐकलं आणि फोन घेणंच बंद केलं.

तेव्हापासून तो माणूस एकटा. एकटा म्हणजे किती एकटा, हे मी भिंतीपलीकडून ऐकलंय. सकाळी एका कपाचं आधण, कुकरच्या दोन शिट्ट्या, संपलं. दिवसभर त्या घरातून आवाज म्हणून येत नाही. रेडिओ लावला तर मला बरं वाटायचं. यमुनाबाईंच्या तिथीला ते भंवरकुआंला फोन करायचे, फोन हृषीकेश उचलायचा, "आई झोपलीय, काका" म्हणायचा. भर दुपारी बारा वाजता कोण झोपतं? पण यांनी कधी उलट विचारलं नाही.

दसऱ्याला मी बघितलं तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. कडक इस्त्रीचा कुडता घालून पुढच्या खोलीत बसले होते. समोर ताटात आपट्याची पानं. दार उघडं. यमुनाबाई होत्या तेव्हा अख्खी कॉलनी सोनं द्यायला यायची, कारण बाई चिरोटे करायच्या. आता चिरोटे नाहीत तर कोण येणार? मी गेले, पानं दिली, पाया पडल्यासारखं केलं. ते म्हणाले, "बसा, मंगलाताई. अजून कोणी येईल." मी बसले. कोणी आलं नाही. मी दिवा लावायला घरी आले तेव्हाही दार उघडंच होतं.

रोज सकाळी खिडकीशी बसून ते भिंगातून त्या दगडाकडे बघायचे. दाणा जिथून निघाला तिथं गारगोटीत चौकोनी खड्डा राहिलाय, सुबक, चारी कोपरे शाबूत. मी विचारलं, "रोज रोज काय बघता त्यात?"

म्हणाले, "भिंत बघतो. दाण्यात सोनं असतं तर एखादा ठिपका भिंतीला चिकटून राहिला असता."

"दिसतो का?"

"नाही. पण न राहणंही शक्य आहे."

मला संताप आला. म्हटलं, "हे रोजचं भिंग लावून बसणं बंद करा. एकदाचं नीट टंच काढून घ्या. मशीनचं नाही, आगीतलं. होऊ द्या दूध का दूध. सोनं निघालं तर मी स्वतः जाते सरलाताईंकडे आणि त्यांच्या पुढ्यात ठेवते." ते हो म्हणाले. मला वाटतं, कोणी तरी असं रागावून बोलायची ते वाटच बघत होते.

पोलोग्राउंडला एकाची भट्टी आहे. सराफ्यातली राख, कचरा, सोनं वितळवायच्या जुन्या मुशी, सगळं तो जाळून गाळून त्यातलं सोनं काढतो. आम्ही दोघं रिक्शानं गेलो. देवदत्तजींनी दगड यमुनाबाईंच्या जुन्या ब्लाउजच्या कपड्यात गुंडाळून आणला होता. भट्टीवाल्यानं उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "हो जाएगा. पूरा पीसना पड़ेगा."

"पूरा?" देवदत्तजींनी विचारलं. जन्मभर दगड पिसून घेतलेला माणूस, त्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि खलबत्ता समोर दिसणं वेगळं.

"थोड़े से में क्या आएगा, अंकल? सब पीसो, फिर सीसे के साथ भट्टी में. जो बचेगा वो सोना."

यांनी दगड परत घेतला, कपड्यात गुंडाळला आणि खिशात ठेवला. भट्टीवाल्याला नमस्कार केला आणि बाहेर आले.  

रिक्शात मी विचारलं, "भीती वाटली? शून्य निघेल म्हणून?"

"तसं नाही, मंगलाताई. त्यात सोनं निघालं तरी तिच्या तोंडातल्या दाण्यात होतं असं म्हणता येणार नाही. नाही निघालं तर नव्हतं असंही नाही. सोनं सारखं वाटलेलं नसतं. एका दाण्यात असतं, शेजारच्यात नसतं. आम्ही एकाच शिरेवर हातभर अंतरानं नमुने घ्यायचो, एक भरलेला, दुसरा कोरडा. तो एक दाणा जळला. आता त्याचं उत्तर कुठंच नाही." मग म्हणाले, "आणि हा पिसला तर देव्हाऱ्यात काय ठेवू?"

मी म्हटलं, "पण ते येतं कसं हो तिथं? सोनं एवढं महाग, आणि जाऊन बसतं लोखंड-गंधकात. एवढी वर्षं ऐकतेय, समजलं नाही."

त्यांनी सांगितलं, आणि रिक्शावालासुद्धा मान वळवून ऐकायला लागला. जमिनीच्या पोटात फार खोल उकळतं पाणी असतं. ते खडकांच्या भेगांतून वर चढतं. त्या पाण्यात गारगोटीचा माल विरघळलेला असतो, तो थंड होता होता भेगेत थिजतो, ती गारगोटीची शीर. सोनंही त्याच पाण्यातून येतं, पण एकट्यानं त्याला येता येत नाही. सोनं सहजी विरघळत नाही ना. ते गंधकाला धरून येतं. गंधक बरोबर आहे तोवर चालत राहतं. मग वाटेत आजूबाजूच्या खडकातलं लोखंड भेटतं. गंधक लोखंडाला जाऊन मिळतो, त्याची सोनामक्खी होते. आणि सोन्याला धरायला कोणी उरत नाही. मग ते जिथं असेल तिथंच पडतं, त्या सोनामक्खीच्या कुशीत, भेगेत, कधी तिच्या पोटात. पुढं जायची त्याची ताकदच नसते.

"म्हणजे साथ सुटली की तिथंच बसलं," मी म्हटलं.

"हो. कोट्यवधी वर्षं."

 राऊला आम्ही उतरलो तेव्हा रिक्शावाला म्हणाला, "अंकल, बढ़िया बताया." मला मात्र रडू येत होतं आणि ते कोणासाठी येतंय ते मला नीट माहीत होतं.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी त्यांच्या दारात गाडी थांबली. हृषीकेश आईला धरून उतरवत होता. सरलाताई ओळखू येत नव्हत्या, हाडं तेवढी राहिली होती. पोटाचा आजार, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलेलं. मी पाणी घेऊन गेले आणि मला कोणी जा म्हटलं नाही म्हणून थांबले. म्हटलं असतं तरी थांबले असते.

सरलाताईंनी पर्समधून एक रुमाल काढून टेबलावर ठेवला. तोच रुमाल. मंगळसूत्र आणि बांगड्या तशाच्या तशा.

"हे तिचं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी हे माझ्या कपाटात होतं, देवदत्तराव. मी तुम्हाला फोनवर सांगतेय सोनं घाला, सोनं घाला, आणि सोनं माझ्याच कपाटात. तेराव्याहून घरी गेले, साडी ठेवायला कपाट उघडलं आणि हे समोर. मी तिथंच खाली बसले. तुम्हाला बोलून आले होते ना, आता कोणत्या तोंडानं परत येणार? म्हणून रागच धरून ठेवला. राग धरला की दुसरं काही बघावं लागत नाही."

देवदत्तजी म्हणाले, "माझ्याही लक्षात राहिलं नाही, ताई."

"तिचा दगड आहे का अजून?"

त्यांनी देव्हाऱ्यातून आणून दिला. सरलाताईंनी तो मांडीवर घेतला, त्या चौकोनी खड्ड्यावर बोट ठेवलं आणि बोट तिथंच ठेवून बसल्या. "इथलाच?"

"इथलाच."

"माझं ऐका. माझ्या वेळी सोनं नको. ह्यातलाच एक दाणा घाला, आणि तुमच्या हातानं घाला. सोनं असलं तर दोघींना सोनं, दगड असला तर दोघींना दगड. तिला एक आणि मला एक, असं मी लहानपणापासून कधी होऊ दिलं नाही."

हृषीकेश खिडकीबाहेर बघत होता. देवदत्तजींनी मान डोलावली.  जाताना सरलाताई मला म्हणाल्या, "तुम्ही यांच्याकडे बघता, मला माहीत आहे. हृषीकेश सांगायचा." मी म्हटलं, बघते कसली, भांडते.

श्रावणात त्या गेल्या. हृषीकेशचा सकाळीच फोन आला. देवदत्तजी दगड आणि भिंग घेऊन निघाले, मी बरोबर गेले. भंवरकुआंच्या त्या घरात माणसांची गर्दी. पुण्याहून, उज्जैनहून नातेवाईक आलेले, वरच्या खोल्यांतली पोरं जिन्यावर गप्प उभी. सरलाताईंना अंगणात ठेवलं होतं. तुळस झाली, गंगाजळ झालं. कोणीतरी म्हणालं, "सोनं आणा." सरलाताईंच्या एक चुलत जाऊबाई आपल्या गळ्यातल्या साखळीचा मणी काढायला लागल्या. हृषीकेश म्हणाला, "थांबा, काकू. काका घालणार आहेत."

देवदत्तजी जवळ जाऊन गुडघ्यावर बसले. त्या वयात त्यांना तसं बसायला किती त्रास होतो ते मला माहीत आहे. भिंग डोळ्याला लावलं, सुईच्या टोकानं दगडातला एक दाणा हलवला. पहिल्या खड्ड्याच्या शेजारचाच. तो निघायला वेळ लागला, घट्ट बसला होता. लोक कुजबुजायला लागले. दाणा निघाला तेव्हा उन्हात चमकला. त्यांनी तो सरलाताईंच्या तोंडात ठेवला आणि त्यांची हनुवटी हलकेच वर केली.

त्या जाऊबाई पुढं वाकल्या. "काय घातलंत हे? दगडातून काढलंत ते काय आहे?"

सगळं अंगण त्यांच्याकडे बघत होतं.  मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार पायराइट. म्हणणार लोखंड आणि गंधक, म्हणणार असू शकतं आणि नसूही शकतं. आणि या बायका त्याला फाडून खाणार.

देवदत्तजींनी भिंग मिटलं, वर बघितलं आणि म्हणाले, "सोनं."

"सोनं? दगडात?"

"हो. सोनंच आहे," ते म्हणाले. "मी खाणीत होतो."

मग कोणी काही विचारलं नाही. हृषीकेशनं त्यांना हात देऊन उठवलं.

येताना मॅजिक गाडीत आम्ही मागं बसलो होतो. ते खिशातला दगड हातानं चाचपत होते. मला विचारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "आज कसं निघालं तोंडातून?"

ते म्हणाले, "तेव्हा म्हणायला हवं होतं, नाही का?"

 हवं तर होतंच. एका शब्दानं इतकी वर्षं वाचली असती. सरलाताई दर दसऱ्याला आल्या असत्या, दोघांनी बसून यमुनाबाईंबद्दल बोलून घेतलं असतं. पण हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच होतं. मी म्हटलं, "तेव्हा म्हटलं असतं तर ते तुम्ही कुठले."

"आता म्हणून काय उपयोग, मंगलाताई? ज्यांना सांगायचं होतं त्या दोघी ऐकायला नाहीत."

घराच्या फाटकापाशी त्यांनी दगड माझ्या हातात दिला. ऊन होतं म्हणून असेल, गरम लागला. दोन चौकोनी खड्डे शेजारी शेजारी, आणि त्यांच्या खाली अजून एक मोठा दाणा, बाकी बारीक बारीक. "हा तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा," ते म्हणाले. "माझ्याकडे बघायला कोणी नाही. माझी वेळ आली की खालचा काढा. सुई लागेल, नखानं निघायचा नाही."

"आणि मीच आधी गेले तर?"

"तर मी आहे. बाजूचा दाणा तुमचा." हे बोलताना ते जरासे हसले.

"लोक विचारतील मला, हे काय घातलं म्हणून. काय सांगू?"

त्यांनी फाटकाची कडी काढली. मग म्हणाले, "खरं ते सांगा." आणि फाटक ओढून आत गेले. मी तिथंच उभी होते. आतून आधण ठेवल्याचा आवाज आला, एका कपाचा.

दगड आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. जयसिंगराव म्हणाले, हे काय आणि कशाला, मी म्हटलं, तुम्ही झोपाळ्यावर बसा. खरं ते काय ते मला माहीत नाही, आणि त्यांनाही माहीत नाही. पण माझ्याजवळ ना भिंग आहे ना ती पढाई. मला कोणी विचारलं तर मी सोनंच सांगणार.